शेपटीवाला ङ

कुन्नंकुळम,
१९ नोव्हेंबर २०१३

प्रिय एलिक्कुट्टी,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. आतला कागद वाचला, दोनदा वाचला. तू पेन्सिलीनं फुलीसुद्धा करून ठेवली आहेस, 'अप्पच्चन, इथं सही' म्हणून. चाळीस वर्षं छापखाना चालवलेल्या माणसाला सहीची जागा सापडणार नाही होय? सही अजून केलेली नाही. रोज सकाळी कागद काढतो, पेनाचं टोपण उघडतो, पुन्हा वाचतो आणि 'आधी चहा घेऊ' म्हणून उठतो. मग चहा होतो, पेपर होतो, अंघोळ होते, आणि कागद टेबलावर तसाच. परवा तू फोनवर विचारलंस, 'टाकलं का पोस्टात?' मी म्हणालो, 'हो हो, आज टाकतोच.' ती थाप होती. मला फोनवर खरं बोलता येत नाही, असं माझ्याशी जन्मभर संसार केलेली तुझी अम्मच्ची नेहमी म्हणायची. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर जरा हलेल, सांभाळून घे.

कागदावर काय आहे ते तुला तोंडपाठ असणार, तूच लिहिलंस. मी, कुन्नंकुळमच्या इट्टूप यांचा मुलगा चुम्मार, वय अडुसष्ट, प्रतिज्ञेवर सांगतो की शेपटीवाला ङ हे अक्षर आमच्या छापखान्यात माझे वडील आणि त्यांच्याआधीचे, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे जुळारी नेहमी वापरत, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिकडे परदेशातल्या समितीतल्या कुणा गृहस्थांना शंका आली म्हणे, की पुरावा म्हणून दिलेली तिन्ही पुस्तकं एकाच गावची आणि सहा-सात वर्षांतलीच कशी, त्याआधीचं काहीच कसं सापडत नाही. त्यांचं समाधान व्हावं म्हणून माझी सही. सहा डिसेंबरला त्यांची बैठक. तिथं होकार पडला की आपल्या अक्षराला संगणकात कायमचा क्रमांक मिळणार, आणि जगातल्या कुठल्याही यंत्रावर ते उमटणार. 'एकदा क्रमांक दिला ना अप्पच्चन, की जगबुडी आली तरी परत घेत नाहीत, तसा नियमच आहे,' असं तू व्हरांड्यात बसून मला सांगितलंस, तेव्हा तुझा चेहरा नुसता फुलला होता आणि मी काडीनं दात कोरायला लागलो होतो. तू म्हणालीस, 'का हो, गप्प का?' मी म्हटलं, मत्ती माशाचा काटा अडकलाय दातात.

गावानं तर बैठक होऊन गेल्यासारखंच धरलंय. चर्चच्या फाटकाशी फलक लागलाय. एका बाजूला तुझा फोटो, तोही कुठला तर कॉलेजातला, दोन वेण्यांचा, दुसऱ्या बाजूला तुझ्या आजोबांचा, आणि मधे शेपटीवाला ङ, टोपलीएवढा. येणारेजाणारे थांबून बघतात. पावुण्णीला तर ऊत आलाय. स्वतःचा छापखाना बंद केल्यापासून त्याला रोज सकाळी माझं डोकं खाण्याशिवाय दुसरा उद्योग नाही, तुला माहीतच आहे. काल येऊन म्हणाला, 'काय रे चुम्मारा, आता तरी लोक आपल्या गावाच्या नावानं नकली माल ओळखायचं बंद करतील की नाही?' मी म्हटलं, 'तुझं तोंड बंद झालं तरी पुरे.' तो हसला, मीही हसलो. पण मला तुझं कॉलेजातलं पहिलं वर्ष आठवलं. वसतिगृहातल्या कुणा मुलीनं तुझ्या घड्याळाकडे बघून विचारलं होतं, 'कुन्नंकुळम का?' म्हणजे नकली का. तू सुट्टीत येऊन अम्मच्चीच्या पदराआड रडली होतीस. आणि दोन वर्षांपूर्वी तूच मला म्हणालीस, 'आता दाखवते एकेकाला, अस्सल म्हणजे काय ते.'

त्या दोन वर्षांपूर्वीच्या दिवसाबद्दल मला लिहायचंय. तू विनयनशी लग्न केलंस तेव्हा मी काय काय बोललो ते मी विसरलेलो नाही. चर्चमध्ये लग्न नाही, तर मला मुलगी नाही, असं मी भर अंगणात, शेजारीपाजारी ऐकत असताना म्हणालो. त्यानंतर सहा वर्षं तू या उंबऱ्याच्या आत आली नाहीस. मधे अम्मच्ची गेली तेव्हा अंगणापर्यंत आलीस, दफन होईपर्यंत थांबलीस, माझ्याकडे न बघता तशीच बसनं बंगळूरला परत गेलीस. विनयन फाटकाबाहेर छत्री घेऊन उभा होता, त्याला कुणी आत या म्हणालं नाही, मीही नाही. त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष मी या घरात कसं काढलं, ते सोड. आणि एके दिवशी दुपारी फाटक वाजलं, बघतो तर तू, खांद्यावर पिशवी, हातात आपल्याच छापखान्याचं जुनं प्रार्थनेचं पुस्तक. ना 'कसे आहात', ना 'जेवलात का'. उभ्या उभ्या पान उघडलंस आणि बोट ठेवलंस, 'अप्पच्चन, हे अक्षर कुठलं?'

ते पुस्तक तुला कोळिक्कोडच्या रद्दीच्या दुकानात मिळालं होतं. तुमची ती अक्षरांना संगणकात आणणारी मंडळी जुनी पुस्तकं चाळत फिरत होती, त्यात तुझ्या हाताला नेमकं आपलंच लागलं. मी चष्मा लावला, पान बघितलं, आणि मला सगळं एका क्षणात आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलो कधी होतो! पण तू चटईवर बसली होतीस. सहा वर्षांनी माझ्या घरात चटईवर बसली होतीस आणि माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी म्हणालो, 'हे होय, हे जुनंच आहे.' बस, एवढंच. पुढं तूच बोलत सुटलीस. त्याच पानावर नेहमीचं 'ङ्ङ'ही आहे आणि हेही आहे, म्हणजे दोघांचा उच्चार वेगळा असणार, म्हणजे हे स्वतंत्र अक्षर, लोकांनी विसरून टाकलेलं. तू संध्याकाळची बस सोडलीस. कप्प्याचे कंद उकडलेस, मिरच्या वाटल्यास, आपण दोघं स्वयंपाकघरात जेवलो. मी मनात म्हटलं, उद्या सांगू. उद्या तू म्हणालीस, 'अप्पच्चन, मी पुढच्या महिन्यात परत येते, आजोबांच्या वेळची बाकीची पुस्तकं काढून ठेवा.' आता सांग, अशा वेळी कुठला बाप तोंड उघडेल?

मग तू येतच राहिलीस. दर महिन्या-दोन महिन्यांनी. माळ्यावरचे गठ्ठे उतरवलेस, शिंका देत देत पानं तपासलीस. पावुण्णीच्या छापखान्याचं कॅलेंडर सापडलं, त्यात शेपटीवाला ङ. गेलेल्या तारूच्या छापखान्यातली मृत्युगीतांची वही सापडली, त्यातही तो. तू नाचायचीच बाकी होतीस. 'तीन वेगळे छापखाने, अप्पच्चन! तीन स्वतंत्र पुरावे!' तुझ्या त्या प्राध्यापकांनी तर सिद्धान्तच मांडला, की प्रार्थना गाताना जिथं सूर लांबवायचा तिथं हे अक्षर येतं. चर्चच्या म्हाताऱ्या सेवकाला, कोच्चाप्पूला, विचारलं तर तो नव्वदीचा माणूस छाती काढून म्हणाला, 'हो हो, तिथं आम्ही सूर लांबवायचोच! हल्लीच्या पोरांना काय कळतंय!' आणि गाऊनही दाखवलं त्यानं. तुम्ही ते ध्वनिमुद्रित केलंत. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. मेलेलं माणूस उठून बसल्यासारखं वाटलं मला, जे कधी जन्मलंच नव्हतं असं माणूस.

आता ऐक. एकोणीसशे चौसष्टच्या मे महिन्यात तुझे आजोबा, माझे अप्पन, विषमज्वरानं अंथरुणाला खिळले. प्रार्थनेच्या पुस्तकाचं काम अंगावर होतं, चर्चच्या सणाला पंधरा दिवस उरले होते. मी एकोणीस वर्षांचा, स्वतःला फार मोठा जुळारी समजणारा. अप्पन पडल्या पडल्या म्हणाले, 'काम परत दे, पावुण्णीचा बाप करील.' मी म्हटलं, मी करतो. प्रार्थनेचं पुस्तक म्हणजे ओळीओळीला 'आम्ही' आणि 'आमचे'. आमच्या पापांची क्षमा कर, आम्हाला मोहात पाडू नकोस. आणि आपल्या भाषेत 'आम्ही' म्हटलं की 'ङ्ङ' आलाच. आठ पानांचा फर्मा जुळवता जुळवता पाचव्या पानावर 'ङ्ङ'च्या खिळ्यांचा खण रिकामा झाला. नवे खिळे मागवले तर तीन आठवडे. शेजाऱ्यांकडे मागायचे तर गावभर होणार, की इट्टूपच्या पोराला साधा अंदाज आला नाही. अंदाज आला नव्हताच. मुरलेला जुळारी आधी मजकूर मोजतो, मग फर्म्याला हात घालतो. मी मोजला नव्हता.

'ङ्क'चे खिळे मात्र भरपूर पडले होते. रविवारी घरातले सगळे चर्चला गेले, मी अंग तापलंय म्हणून मागं राहिलो, छापखान्याचं दार आतून लावलं आणि कानस घेऊन बसलो. 'ङ्क'मधला खालचा 'क' घासून उडवला की ङ उरतो आणि मागं एक शेपूट लोंबते. ती शेपूट पूर्ण घासायला गेलं तर खिळाच फुटायचा, म्हणून राहू दिली. चाळीस खिळे घासले. रविवारी, प्रार्थनेच्या वेळी, प्रार्थनेच्याच पुस्तकासाठी! बोटांतून रक्त आलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या चर्चच्या पाद्र्यांना, अच्चनना, मोतीबिंदू होता, त्यांनी भराभर पानं उलटून सही केली. अप्पन उठून बसायला लागले तेव्हा मी पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी एका पानावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, 'झालं ते झालं, लोक अंदाजानं वाचतील. पण ते खिळे आजच्या आज वितळवून टाक. खोटा खिळा घरात ठेवू नये.' मी हो म्हटलं आणि वितळवले नाहीत. एवढी मेहनत केली होती ना! 'ङ्ङ'च्या खणात तळाशी ढकलून दिले.

आणि त्या खणातून गावात काय फिरलं ते तुला मी सांगायला हवं होतं. आपल्या गल्लीत कुणाला काही कमी पडलं की शेजारच्या छापखान्यातून ओंजळभर खिळे न्यायचे, काम झालं की आणून द्यायचे, ही रीत. वाटीभर साखर न्यावी तसं. पावुण्णीनं 'ङ्ङ' नेले, त्यात माझे शेपटीवाले गेले. तारूनंही नेले. घाईत कोण बघतंय? तुझे तीन छापखाने, एलिक्कुट्टी, एकाच खणातून जेवलेले आहेत. सत्तरच्या सुमारास मी उरलेसुरले खिळे भंगारात दिले, म्हणून त्यानंतर कुठंच सापडत नाहीत. त्या परदेशी गृहस्थांची शंका अगदी रास्त आहे. माणूस हुशार दिसतो.

इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, तुझ्या अम्मच्चीलाही नाही. आणि आता तुझ्या कागदावर माझं नाव नुसतं येत नाही, अप्पनचं येतंय. जो माणूस खोटा खिळा घरात ठेवू नये म्हणाला, तो आयुष्यभर तो वापरत होता असं मी प्रतिज्ञेवर सांगायचं. फलकावर त्यांचा फोटो बघतो तेव्हा माझी मान वर होत नाही. तू मला विचारलंस तेव्हाच खरं बोललो असतो तर तू हसली असतीस, पुस्तक मिटलं असतंस आणि गेली असतीस. मला त्या 'गेली असतीस'ची भीती वाटली. अजून वाटते. अक्षर गेलं तर माझ्या घरी यायला तुला कारण काय उरणार, हा विचार मी रोज करतो. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे.

आता ओणमच्या सुट्टीतली गोष्ट. तू जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पुस्तकाचं एक पान मोठं मोठं करून बघत होतीस. मी मागून येत होतो, तुला दिसलो नाही. पडद्यावर ओळीनं सात शेपटीवाले ङ होते, एकेक तळहाताएवढा. सातांच्या सात शेपट्या वेगळ्या. एक लांब, एक तुटकी, एक तिरकी, एकीवर कानशीचे ओरखडे. साच्यातून ओतलेले खिळे असे कधी नसतात, हे तुला चालता येत नव्हतं तेव्हापासून तू बघितलंयस. तू बघत राहिलीस. मग हळूच लॅपटॉप मिटलास, वळलीस, मी दिसलो, आणि तू म्हणालीस, 'अप्पच्चन, मत्ती तळू की कालवण करू?' मी म्हणालो, 'कालवण कर.' त्यानंतर तू पाठवलेल्या मसुद्यात मी मुद्दाम बघितलं. आधी प्रत्येक पुस्तकातले चार-चार नमुने होते. आता एकेकच आहे, आणि प्रत्येकातली शेपूट सारख्या लांबीची निवडून घेतलेली. निवड छान केलीस. तुझ्या आजोबांची नजर आहे तुला. त्या रात्री मी जेवलो नाही, तूही अर्धीच पोळी... नाही, कप्पा होता, तोही पानात टाकलास.

तेव्हा हे सगळं तुला कळवायला मी पत्र लिहिलेलं नाही. तुला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात फोनवर तू तिसऱ्यांदा विचारलंस, 'नक्की ना अप्पच्चन? तुम्ही फक्त हो म्हणा,' तेव्हा तुझा आवाज मी ओळखला. मी म्हातारा गावात तोंडघशी पडू नये म्हणून तू स्वतःचं नाव, विद्या, सगळं पणाला लावायला निघाली होतीस, आणि मी खोटं रेटत होतो ते तू येत राहावीस म्हणून. आज सकाळी अकरा वाजता मी पोस्टात जाऊन आलो. तुझा कागद नाही पाठवला. मसुद्याच्या शेवटी समितीचा जो पत्ता आहे, त्यावर माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक पान रजिस्टरनं पाठवलं. चाळीस खिळे मी घासले, साल चौसष्ट, माझ्या वडिलांनी ते वितळवायला सांगितले होते, हे अक्षर नाही, याला क्रमांक देऊ नका. परतताना चर्चच्या अच्चनना भेटून फलक उतरवायला सांगितला. ते रागावले. पावुण्णीला उद्या सांगेन, तो वर्षभर जगू देणार नाही. नाताळला तू ये. हातात पुस्तक नको, काही विचारायला म्हणून नको. आणि विनयनला आण. फाटकाशी मी स्वतः उभा राहीन, आणि जे तेव्हा म्हणालो नाही ते म्हणेन. आता एकच. समितीला पाठवलेल्या पानात मी शेवटी लिहिलंय की माझ्या मुलीनं मला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मी तिला खोटं सांगितलं आणि तिला खरं काय ते कळलंच नव्हतं. यातलं शेवटचं खरं नाही, हे तू आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. तुला त्यांनी विचारलं तर ते खोडून काढायला जाऊ नकोस. मला ठाऊक आहे तू जाशील. पण एवढं एक माझं ऐक.

तुझाच,
अप्पच्चन